पोट टेकून बसलेली गाडी

सांगलीच्या घरासमोर टॅक्सी उभी होती. माझी एकच बॅग, पण ती चढवायला घरातलं प्रत्येक माणूस धावत होतं. सात महिन्यांपूर्वी आम्ही दोघं आलो होतो, परत मात्र मी एकटीच निघाले होते. मामंजींना अर्धांगवायू झाला होता आणि त्यांना सोडून यांना निघणं शक्य नव्हतं. माझी बिनपगारी रजा संपत आली होती. सोमवारी सकाळी न्यू जर्सीच्या लॅबमध्ये हजर झाले नाही, तर माझी जागा दुसऱ्याला जाणार होती. मला निरोप द्यायला माहेरहून आलेले बाबा खिडकीशी वाकून म्हणाले, "नाही जमलं तर परत ये. लाज वाटून घेऊ नकोस." प्रेमानंच म्हणाले, पण मला ते मुंबईपर्यंत टोचत राहिलं. न जमायला काय झालंय, असं मी मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत होते.

मागे राहिलेल्या तुम्हा सगळ्यांना तेव्हा वाटायचं, अमेरिकेत आमचं मोठं बस्तान आहे. खरं सांगायचं तर त्या दिवशी तिथे आमची म्हणून फक्त एक गाडी होती. पिस्कॅटवेचं अपार्टमेंट आम्ही निघतानाच सोडलं होतं. रिकाम्या घराचं भाडं कशाला भरायचं, हा आपला हिशेब.

गाडी म्हणजे यांचा जीव की प्राण. सेकंडहँड, पण लांबलचक, आणि स्प्रिंगच्या जागी चारही चाकांवर हवा भरलेल्या रबरी पिशव्या. खड्डा आला तरी हातातला चहा हिंदकळायचा नाही. वेस्ट विंडसरच्या गोखलेकाकांनी ती आपल्या गॅरेजमध्ये ठेवून घेतली. काका आमच्या आधी पंधरा वर्षं आलेले इंजिनिअर, पुस्तिका वाचल्याशिवाय टोस्टरलाही हात लावणार नाहीत. त्यांनी आम्हाला बजावलं होतं, "हे बघा, सहा-सात महिने उभी राहणार, तर गाडी एकदम एम्प्टी पाहिजे. डिकीत एअरचा स्विच आहे, तो ऑफ करा. खाली स्टँड लावा, म्हणजे वजन त्या पिशव्यांवर येणार नाही."

आम्ही हो हो म्हणालो आणि गाडीत अख्खा संसार भरला! एवढी मोठी डिकी रिकामी ठेवायची, हे आपल्या माणसाला सोसतच नाही. आयसेलिनच्या देशी दुकानांतून आणलेली तांदळाची पोती, यांची पुस्तकं, शिलाई मशीन, कुकर, पुरणयंत्र, आणि सासूबाईंनी विमानातून पाठवलेला दगडी खलबत्ता. स्विच आठवला तेव्हा तो पोत्यांच्या मागे गाडला गेला होता. विमानाची वेळ झाली होती. हे म्हणाले, "राहू दे, काय होतंय!" आणि मीही मान डोलावली. दोष एकट्या यांचा नाही.

परत आल्यावर मी काकांकडेच उतरले, आणि शनिवारी त्यांनी गॅरेजचं दार वर केलं. गाडी म्हशीसारखी पोट टेकून बसली होती. पिशव्यांमधली हवा हळूहळू गेलेली, बॅटरी ठार मेलेली. चाकं मडगार्डच्या आत घुसलेली आणि कडेला बोटही जात नव्हतं. मला रडूच आलं. लॅब तिथून चौदा मैल, बस नाही, आणि दुसरी गाडी घ्यायची माझी ऐपत नव्हती.

"मी सांगितलं होतं ना!" काका म्हणाले. मग माझा चेहरा बघून आवाज उतरवला. "जाऊ दे. असं कर, लॅबला फोन कर, मंडेचं कॅन्सल कर. ही गेली आता, जंकवाल्याला देऊन टाकू."

"काका, पुस्तिका कुठे आहे?" मी विचारलं.

आधी मी गाडी रिकामी केली. काकू म्हणाल्या, "जेव तरी आधी." मी म्हटलं, "पोती उतरल्यावर." एकेक वस्तू काढताना मला आमचाच राग येत होता. आमचा पाच वर्षांचा संसार गॅरेजच्या फरशीवर मांडला गेला आणि मागची बाजू जेमतेम चार बोटं वर आली. तेवढ्या फटीतून जॅक आत गेला. काकांनी बॅटरी चार्जरला लावली. रविवारी आम्ही गाडी नेहमीच्या उंचीच्या जरा खाली उचलून धरली, खाली स्टँड दिले. रबराला पडलेल्या घड्या मी हाताने एकेक करून सोडवल्या, तशाच वजन पडलं असतं तर पिशव्या तिथेच फाटल्या असत्या. मग स्विच ऑन केला.

पंप घरघरला. साबणाचं पाणी लावून मी चारही पिशव्यांना कान लावून बसले. एकीवर बारीक बुडबुडे आले. "होल्ड होईल," काका म्हणाले, "पण रोज हळू ड्राइव्ह करायचं, आणि पुढच्या महिन्यात ती बदलायची." गाडी थरथरली आणि स्टँडवरून सुटून आपल्या पायांवर उभी राहिली. काकांनी टाळ्या वाजवल्या. मी मात्र तिथेच फरशीवर बसून पोटभर रडले आणि मग दोन वेळचं जेवण एकदम जेवले.

सोमवारी मी वीस मिनिटं आधी पोचले. आजवर माझ्याकडे तशा तीन गाड्या होऊन गेल्या, पण पार्किंगमध्ये तिला कुलूप लावतानाचा तो ताठा मला पुन्हा कधी आला नाही.

संध्याकाळी काकांच्या घरून सांगलीला फोन लावला. तिकडे सकाळ होती.

"गाडीचं कळलं काकांकडून," हे म्हणाले. "विकलीस का?"

"नाही. आज तिच्यातूनच कामावर गेले."

सात महिने मीही यांच्यासारखंच म्हणत होते, की अमेरिकेचं बघू, जमलं तर जमलं. मामंजींची काळजी खरी होती, पण आमची चालढकलही खरी होती.

"मग आता काय?" यांनी विचारलं.

"उद्यापासून जागा बघतेय, दोघांपुरती. मामंजींना उभं राहता येऊ लागलं, की तुम्ही घरी या."

ज्या घरात जन्मले त्याच घरात हे फोन धरून उभे होते, आणि मी त्यांना घरी या म्हणत होते. बोलून गेल्यावर माझं मलाच ऐकू आलं. एक शब्दही मागे घ्यावासा वाटला नाही.

हे म्हणाले, "येतो."