पाच गाड्या, वीस रिकाम्या जागा

तमाम जनतेस कळविण्यात अत्यंत दुःख होत आहे की, कराडच्या आमच्या गल्लीतून मागणारा माणूस कायमचा नामशेष झाला आहे. उरलेत ते सगळे दाते. आणि या दात्यांनी माझ्या बायकोचा श्वास कोंडला, याचा संताप मला आजही येतो.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. गल्लीतले आम्ही पाच जण रोज नोकरीसाठी साताऱ्याला जायचो. पाच माणसं, पाच गाड्या. सकाळी आठला पाचही गाड्या सुरू व्हायच्या आणि इंजिन तापेपर्यंत धूर ओकत उभ्या राहायच्या. तो धूर थेट आमच्या खिडकीत. बायकोला दमा. फटींत कापडाचे बोळे कोंबून ती आत बसायची. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, "धूर हटवा, नाहीतर घर बदला."

"मला घेऊन चला" असं शेजाऱ्याला तोंडावर म्हणायची आमच्याकडे लाज वाटते. म्हणून मी कॉम्प्युटरला मध्यस्थ केलं. कोपऱ्यावरच्या क्लासात नुकतंच इंटरनेट आलं होतं. तिथल्या सरांनी एक पान तयार करून दिलं. रकाने दोन : 'जागा आहे' आणि 'जागा हवी'. वेळ जुळली की जोडी कॉम्प्युटर जुळवणार. लग्नं जमवणाऱ्यांची मिजास तरी त्याला नव्हती! घरी कुणाकडेच इंटरनेट नव्हतं. पाचही जणांनी चपला बाहेर काढून, क्लासच्या गारव्यात बसून नावं नोंदवली.

पंधरा दिवसांनी सरांनी मला बोलावलं. 'जागा आहे'मध्ये पाच नावं. 'जागा हवी' कोरा करकरीत.

मी तडक शेजारच्या, फौजेतून निवृत्त होऊन साताऱ्यात नोकरीला लागलेल्या सुभेदारांचं दार ठोठावलं. गावाकडं ऊस, दारात जीप.

"आवं साहेब, जीप मोकळीच जाती की! कवा बी या."

"मी येण्याचा प्रश्न नाही. तुम्ही कुणाच्या तरी गाडीत बसा."

"आमी? दुसऱ्याच्या गाडीत? पावणं म्हनतील, जीप इकली जनू!"

उरलेल्या तिघांची उत्तरंही याच जातीची. एकानं तर पुढची सीट मला कायमची बहाल केली.

दुसऱ्या दिवशी हायवेवर आमची वरात निघाली. एकामागोमाग पाच गाड्या, वीस रिकाम्या जागा, आणि प्रत्येक जण आरशात बघून मागच्याला हात करतोय. उंब्रजला पाचही जण एकाच टपरीवर चहाला थांबलो. चहा मात्र एकमेकांचा हक्कानं प्यायलो!

संध्याकाळी घरी येऊन मी तोंडाचा पट्टा सोडला. "कसली ही खोटी ऐट! एका माणसानं, फक्त एका माणसानं नमतं घेतलं असतं तर उद्या एक गाडी कमी झाली असती. तुझा जीव जातोय आणि यांना पाहुण्यांची पडलीय!"

बायकोनं तोंडातला पंप काढला, धाप आवरली आणि म्हणाली, "अहो, मग तुमचं नाव कुठल्या रकान्यात आहे?"