तक्रार निरंक

आमचे आमदार आधी आमच्याच रिसोड भागात ठाणेदार होते. त्यांना निवडून दिलं ते आम्हीच, आणि मोठ्या हुशारीनं दिलं. ज्याला पाहून आमची बोबडी वळते, त्याला पाहून बांधकाम खात्याच्या साहेबांचीही वळेल आणि गावच्या नाल्यावर पूल होईल, असा आमचा हिशेब. पूल सगळ्यात जास्त मला हवा होता. माझी मुलगी तेव्हा नववीत होती, शाळा नाल्यापलीकडं, आणि नाल्याला पाणी चढलं की ती चार-चार दिवस घरी बसायची.

निवडणुकीनंतर वर्षभरानं साहेब गावात आले. पुलाचा अर्ज मीच लिहिला होता आणि तो द्यायचाही मीच, असं ठरलं होतं. साहेब गाडीतून उतरले, चावडीसमोर उभे राहिले आणि त्याच जुन्या आवाजात म्हणाले, "काय, गावात काही तक्रार?"

हा प्रश्न पोळा, गणपती, निवडणूक, दरवेळी आम्ही त्यांच्याच तोंडून ऐकला होता. तक्रार आहे म्हणणारा दिवसभर ठाण्याच्या व्हरांड्यात उभा राहायचा. शेताच्या धुऱ्याच्या भांडणापायी मीही एकदा राहिलो होतो.

"काई नाई साहेब, सारं शांत हाय," अख्खं गाव एका सुरात म्हणालं.

सरपंचांनी मला कोपरानं ढोसलं. मी पुढं झालो, पण हात अर्जासाठी खिशाकडं जायचे ते आपोआप पाठीमागं गेले.

"तुझं काय रे?"

"काई नाई साहेब. तुमाले पाह्याले आलतो."

साहेब खूश झाले. सोबतच्या माणसाला म्हणाले, "लिहून घे. तक्रार निरंक."

तेवढ्यात बायांच्या घोळक्यातून आवाज आला, "साहेब, मले तकरार हाय." माझीच मुलगी. साहेबांची इथून बदली झाली ती तिच्या जन्माआधी; तिनं त्यांना ठाणेदार असताना कधी पाहिलंच नव्हतं. "नाल्याले पाणी आलं का माही शाळा बुडते. पूल पाह्यजे."

साहेबांनी तिच्याकडं रोखून पाहिलं. "कोणाची पोरगी ही?"

ती माझी आहे, एवढं एक वाक्य मला बोलायचं होतं. मी पायातल्या चपलांकडं पाहत उभा राहिलो. आजही ते आठवलं की स्वतःची चीड येते.

शेवटी तिनंच माझ्याकडं बोट केलं.

"हे माहे बाबा," ती म्हणाली. "ते भेतात तुमाले."