रिकाम्या खिळ्याचा फोटो

पयलंच सांगून ठिवतो – भूत, मुंजा, हडळ असलं सांगणाऱ्याला मी तोंडावर हसतो. आमच्या गल्लीतल्या एकाला चिंचंखाली पांढरी बाई दिसली, तवा त्येला म्हनलं, "गड्या, घरातली बायकू रोज बोंबलती ती दिसंना, आन ही बरी दिसली रं?" असला मी. चौथीत दोनदा बसून तिसऱ्यांदा पळालेला. म्हणून हितं मी बोलतोय आन भाची लिवतीया… मदीच हसतीया, हसू द्या.

सत्त्याण्णव साल आसंल. सांगलीत एका फोटो स्टुडिओत मी कामाला व्हतो. काम म्हंजी काय – स्टँड उचलायचा, शिव्या खायच्या, नवरदेवाचा टाय सरळ करायचा. त्योबी माज्या हातनं वाकडाच व्हायचा.

एक दिस पुण्यास्नं एक सायेब आलं. मूळचं तासगावचंच, पर पुण्याला गेल्यावर नाकातनं बोलाय लागल्यालं. हे सायेब आख्ख्या खोलीचा एक फोटो काडायचं. कॅमेरा खोलीच्या मधोमध ठिवायचा, एक फोटो काडायचा, जरासा फिरवायचा, परत काडायचा… आसं गोल फिरून चारी भिती घ्यायच्या आन मग ते फोटो कडंला कड जुळवून लांबडी पट्टी चिकटवायची. निगेटिव्ह तळहाताएवडी. सायेब म्हनलं, "भिंग लावलं तर भिंतीवरची मुंगीसुद्धा दिसेल." मी मनात म्हनलं, मुंगी बगायला एवडं वज्जं घिऊन आलाय व्हय बाबा!

काम तासगावात व्हतं. बेदाण्याच्या गोदामावर माडी, माडीवर मोठा हॉल. सायेब लहानपणी ज्या ड्रॉइंग मास्तरांकडं शिकलं, त्यांची जल्मभराची चित्रं तितं काचंच्या फ्रेमीत लावल्याली. मास्तर वारलं व्हतं. गोदामवाल्याला आता हॉल पायजे व्हता, पेट्या ठिवायला. चित्रं खाली उतरायच्या आदी हॉल हाय तसा फोटोत यावा, एवडंच मास्तरांच्या बायकूचं, शांताकाकूंचं, म्हणणं.

भितीवर मधोमध एक जागा मोकळी. नुसता खिळा. मला वाटलं, चित्र पडलं आसंल. हुशारी करून मी स्टुलावर चढलो, कोपऱ्यातलं एक बैलाचं चित्र त्या खिळ्याला अडकवाय गेलो.

"आरं ए! हात लावू नगंस त्येला!" काकू अशा वरडल्या की मी बैलासकट खाली. बैल वाचला, माजं ढोपार फुटलं.

सायेब म्हनलं, "काकू, मोकळी जागा फोटोत बरी दिसणार नाही."

"न का दिसंना. तितं आमच्या मंगीचं चित्र व्हतं." काकू खाली बसल्या. "सा वर्साची व्हती, तापानं गेली. फोटो कवा काडलाच न्हाई तिचा. मास्तरांनी आठवून आठवून चित्र काडलं, त्येबी वाळवीनं खाल्लं. मास्तरांनी मग तितं दुसरं कायबी लावू दिलं न्हाई… आन आता मला पोरीचं तोंडबी नीट आठवंना झालंय बाबा. खिळा तरी फोटोत ऱ्हाऊ द्या."

मनात आलं, खिळ्याचा फोटो, शेण! असला मी नालायक.

चित्रांच्या काचंत समोरची भित उमटती. ती उमटू नये म्हणून कॅमेऱ्याच्या मागं काळं कापड ताणून हुबं ऱ्हायचं, एवडंच माजं काम. गाढवालाबी जमलं आसतं. पर खालनं बेदाण्याला धुरी देत्यात त्या गंधकाचा वास, दुपारचं ऊन… खिळ्याच्या भितीकडं पाठ करून सायेब समोरच्या भितीचा फोटो काडत व्हतं, आन मला शिंक आली. कापड एका अंगानं खाली आलं. सायबाला कळायच्या आदी मी ते परत वर ताणलं, पर तवर फोटो निघाला व्हता.

पट्टी चिकटवून आमी परत तासगावला गेलो. सायबाचं तोंड आंबलेलं. "काकू, एका चित्राची काच खराब आली, या महाशयांच्या कृपेनं. समोरची भिंत दिसतेय तिच्यात. पुन्हा काढू."

काकूंनी भिंग घेतलं. पयलं खिळा बगितला. मोकळा. मग सरकत सरकत त्या खराब काचंवर आल्या आन थांबल्या.

"पोपटी," त्या म्हनल्या. "परकर पोपटी व्हता. मी आपलं पिवळा पिवळा म्हणत व्हते."

सायबानं भिंग घेतलं आन त्यांचं नाकातलं बोलणं बंद झालं. मग मी बगितलं. त्या काचंत समोरची, खिळ्याची भित, भितीवर त्योच खिळा – आन खिळ्याला चित्र. पोपटी परकरातली बारकी पोरगी, एका शेपटीची रिबीन सुटल्याली.

"रिबीन डावीकडची सुटल्याली व्हती," काकू म्हनल्या. "हितं उजवीकडं दिसती."

"काचेत उलटंच दिसणार, काकू…" सायेब म्हनलं आन निगेटिव्ह शोदाय लागलं.

निगेटिव्ह बगितली. तिच्यातबी व्हतं. मग सायबानं हट्टानं परत कॅमेरा लावला. "शिंक! तसंच कापड पाड!" मी पाडलं, डावीकडं पाडलं, उजवीकडं पाडलं, नाकात दोरा घालून खरंखुरं शिंकलो… पर सांगलीला जाऊन ते फोटो धुऊन आणलं तर काचंत नुसता मोकळा खिळा.

"आवं, ऱ्हाऊ द्या आता," काकू सायबाला म्हनल्या आन माज्याकडं वळल्या. "बाळू, तेवडा खिळा काड रं."

"काकू, खिळा?"

"काड. गोदामवाल्याला म्हणावं, लाव पेट्या."

मी स्टुलावर चढून खिळा उपसला. ह्या वक्ताला पडलो न्हाई. काकूंनी त्यो पदराच्या गाठीत बांदला, पट्टी गुंडाळून छातीशी धरली आन माडी उतरल्या. मागं वळून बगितलं न्हाई.

भुताच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी अजून हसतोच. ह्येचा अर्थ मात्र मला न्हाई लागला. तुमाला लागला तर मला नगा सांगू, माज्या डोस्क्यात जायाचा न्हाई… पुण्याच्या सायबाला सांगा. त्यो अजून काचा पुसतोय.