थिएटरात आणलेला भूकंप

लातूरच्या एका थिएटरात मी एकदा भूकंप आणला. जमिनीचा त्यात काहीही हात नव्हता.

मी माध्यमिक शाळेत भूगोल शिकवतो आणि फावल्या वेळात मारामारीचे पिक्चर बघतो. (बायकोच्या मते हे वाक्य उलटं लिहायला हवं होतं.) पिक्चर बघून आलो की दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये आणि घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर माझं परीक्षण प्रसिद्ध होतं. बाकीचे लोक स्टार देतात, मी जीप देतो. हीरोनं जितक्या जीपगाड्या उलथवल्या, तितकी पिक्चरची लायकी. ‘तीन जीप. टीव्हीवर आल्यावर बघा.’ ‘नऊ जीप आणि वर एक क्रेन. सहकुटुंब जा.’ मध्यंतरी एका पिक्चरमध्ये हीरोनं गुंडांना सोडून हीरॉइनच्या वडिलांची माफी मागितली, तर मी अर्ध्यातून उठून घरी आलो. असल्या गोष्टी आपल्याला सहन होत नाहीत.

या अभ्यासातले माझे सोबती म्हणजे शौकतभाई. आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं जेन्ट्स टेलरिंगचं दुकान आहे. माझं लक्ष हीरोच्या बुक्कीवर असतं, त्यांचं हीरोच्या शर्टावर. ऐन मारामारीत ते माझ्या कानाशी येऊन म्हणणार, “सर, कवापासून हात फिरवून राहिलाय, पर काखेत टाका उसवला न्हाई. असलं कापड आपल्याला का मिळंना?” मात्र एका मुद्द्यावर आमचं एकमत होतं. मागे अख्खा पेट्रोलपंप उडाला तरी खरा हीरो वळून बघत नाही. माणसानं असं असावं. वर्गात आपत्तीचा धडा आला की मीही दरवर्षी छाती काढून सांगतो की, भूकंप आला तर घाबरून पळायचं नाही, बाकाखाली बसायचं आणि डोकं झाकायचं.

अशा शूर माणसाच्या पोटी मुक्ता आली आणि तिला जपानी कार्टूनचं वेड लागलं.

कार्टून म्हटलं की ती चिडते. ‘ॲनिमे’ म्हणा म्हणते. मी तिच्या लॅपटॉपवर खांद्यावरून डोकावून बरेच बघितले आहेत आणि माझं मत ठाम होतं. जपानी पिक्चरमध्ये पहिला अर्धा तास कुणी कुणाला मारत नाही. मुलगी भात शिजवते. भातावरची वाफ दाखवतात. मग ती खिडकीतून ढग बघते, तर ढग दाखवतात. ढग जातो. आपण वाट बघतो की आता त्या ढगाआडून कुणी बंदूक घेऊन येईल, तर दुसरा ढग येतो. सगळ्यांचे डोळे बशीएवढे आणि नाक जवळजवळ नाहीच. शून्य जीप.

हा वाद हसण्यावारी गेला असता, पण त्यात तिच्या आयुष्याचा प्रश्न अडकला होता. मुक्तानं दोन वर्षं मेडिकलचं कोचिंग केलं होतं आणि मार्क कमी पडले होते. लातुरात हे घडणं म्हणजे काय, ते बाहेरच्याला कळणार नाही. सगळीकडे ‘नीट’ या शब्दाचा अर्थ व्यवस्थित असा होतो. आमच्याकडे त्याचा एकच अर्थ उरला आहे. कुणी रस्त्यात भेटून “सर, पोरगी नीट?” असं विचारलं तर ते तब्येतीचं विचारत नसतात. एकदा डॉक्टरनं मला तपासून “सगळं नीट आहे” म्हटलं, तर मी आधी “किती मार्क?” विचारलं होतं.

माझं म्हणणं, तिनं रिपीटर बॅचला बसावं. म्हणजे तेच पुस्तक, तीच खुर्ची, आणखी एक वर्ष. तिचं म्हणणं, पुण्याला जाऊन ॲनिमेशन शिकायचं. मी म्हणालो की कार्टून काढून पोट भरत नाही. ती म्हणाली की तुम्ही एकतरी पूर्ण बघितलाय का? मी म्हणालो की बघण्यासारखं त्यात असतंच काय. असं आठवडाभर चाललं. बायको भाकरी थापता थापता दोघांचं ऐकत होती. शेवटी मुक्तानंच अट घातली. शहरात एक जपानी पिक्चर हिंदीत डब होऊन लागला होता. तो मी खुर्चीतून न उठता शेवटच्या नावांपर्यंत बघितला, तर ती रिपीटर बॅचला बसेल आणि पुन्हा तोंडातून ॲनिमेशनचा शब्द काढणार नाही. मध्ये उठलो, तर ती पुण्याला जाणार.

मला हसूच आलं. दोन तास बसायचं आणि पोरगी डॉक्टर! यापेक्षा स्वस्त सीट कुठल्याच कॉलेजात मिळाली नसती. पंच म्हणून दोघांनीही शौकतभाईंना नेमलं.

रविवारी दुपारचा शो ठरला. मी सकाळपासून चहा बंद ठेवला होता. (खुर्ची सोडण्याचं कुठलंही नैसर्गिक कारण मला नको होतं.) थिएटर भरलेलं होतं. निम्मी गर्दी कोचिंगच्या पोरांची. औसा, मुरुड, सगळ्या जिल्ह्यातली. उरलेले माझ्यासारखे त्यांचे आईबाप, रविवारचे लेकराला भेटायला आलेले आणि लेकरांनी इथं ओढून आणलेले. ओळीत आधी बायको, मग मुक्ता, मग मी, आणि कडेला पंच.

पिक्चर सुरू झाला. एका जुन्या रेल्वे स्टेशनात एक मुलगी नूडल्सचं दुकान चालवत असते. त्या स्टेशनात आता गाडी येत नाही. ती रोज वाट बघते. अपेक्षेप्रमाणे वाफ झाली, ढग झाले. माझं मन प्रसन्न झालं. असले दहा ढग मी सहज बसून काढले असते. शौकतभाई कुजबुजले की पोरीच्या झग्याची शिलाई मात्र बारीक दाखवलीय. मी पाय लांब केले आणि मुक्ताला अॅप्रन कुठून शिवून घ्यायचा याचा विचार करू लागलो.

आणि मग ती वेळ आली. पडद्यावर संध्याकाळ झाली, सगळं शांत झालं आणि मुलीच्या दुकानातल्या फळीवर एकावर एक रचलेले वाडगे हळूच वाजायला लागले. किण किण किण. मग खालून, कुठून तरी लांबून, घर्रर्र असा आवाज आला. थिएटरवाल्यांनी नुकतेच मोठे स्पीकर बसवले होते. माझी खुर्ची थरथरली.

इथं जरा थांबून सांगायला हवं. त्र्याण्णवचा तो मोठा भूकंप झाला तेव्हा मी कॉलेजात होतो. आमच्या घराला नुसते तडे गेले. औशाच्या पलीकडच्या गावांत काय झालं, ते हसण्याच्या लेखात मावणारं नाही, म्हणून लिहीत नाही. पण त्यानंतर कित्येक महिने आम्ही मैदानात झोपलो, आणि घरात परत गेलो तेव्हा घरोघर भांड्यांची उतरंड असायची. पातेल्यावर तांब्या, तांब्यावर पेला. पेला वाजला की बाहेर. का, कसं, कुणी विचारायचं नाही. उंदरानं पेला पाडला तरी अख्खी गल्ली रस्त्यावर. अजूनही आमच्या जिल्ह्यात जमिनीतून अधूनमधून गूढ आवाज येतात. मग ‘घाबरून जाऊ नका’ असं सरकारी आवाहन येतं आणि मग आम्ही घाबरतो. थोडक्यात, त्या वयाच्या लातूरकराचे पाय डोक्याला विचारून हलत नाहीत.

वाडगे वाजले, खुर्ची हलली, आणि माझे पाय निघाले.

मी “मुक्ते, बाहेर!” असं ओरडलो, अंधारात तिचा हात धरला आणि ओढत सुटलो. हे ओरडणं मी फक्त मुलीपुरतं केलं होतं, पण माझा आवाज मागच्या बाकापर्यंत पोचवायची मला नोकरीतली सवय. सगळं थिएटर उठलं. सगळं म्हणजे चाळिशीच्या पुढचं. बाप उठले, आया उठल्या, कुणाचे पॉपकॉर्न उडाले, कुणाच्या चपला राहिल्या. कोचिंगची पोरं मात्र जागची हलली नाहीत. ‘ओ काका, खाली बसा, दिसंना’ एवढंच म्हणत होती. पळताना मी चौफेर बघितलं, तर मी पहिला नव्हतो. माझ्यापुढे पंच होते.

बाहेरच्या उजेडात आल्यावर मी वळून म्हणालो, “घाबरू नको बाळ, मी आहे.”

बाळाला मिशी होती. मी हात धरून आणलेलं माणूस मुरुडचे एक स्थूल आडत व्यापारी निघाले. लेकराला भेटायला आले होते आणि आमच्या मागच्या रांगेत बसले होते. अंधारात त्यांनी पुढच्या खुर्चीवर हात ठेवला होता, तोच मी धरला होता. त्यांनी दोन्ही हातांनी माझा हात दाबला आणि सद्गदित होऊन म्हणाले की साहेब, आजकाल परक्यासाठी एवढं कोण करतं.

मुक्ता आत होती. मी तसाच माघारी पळालो, तर दारावरच्या माणसानं हात आडवा केला आणि तिकीट मागितलं. मी म्हणालो, भूकंप झालाय, माझी पोरगी आत आहे! तो शांतपणे म्हणाला, “झाला आसंल. पर पिक्चर चालूच हाय. बिगर तिकिटाचं सोडता येत न्हाई.” तिकिटं बायकोच्या पर्समध्ये होती. मी त्याच्या हाताखालून वाकून आत घुसलो. (आयुष्यातली माझी ही एकमेव मारामारी, आणि तीही वाकून.)

आत पडद्यावर मुलीची ती न येणारी गाडी आली होती. घर्रर्र तिचंच होतं. दिव्यांनी झगमगलेली गाडी, आणि दारात मुलीची आई उभी. कोचिंगची सगळी पोरं, घर सोडून आलेली, अंधारात नाकं ओढत होती. मुक्ता जागेवर सुखरूप होती. बायकोही. बायकोचं माहेर नांदेडचं. तिकडच्या माणसाला भूकंपाची सवय नाही, त्यामुळे तिचे पाय कुठं गेले नाहीत. ती पदरानं डोळे पुसत होती. मी तिच्यासमोरून अंग चोरून जागेवर जायला लागलो, तशी म्हणाली, “अहो, मध्येच काय करून राहिलात? बसा ना खाली.” मी बाहेर गेलो होतो, हे तिला माहीतच नव्हतं!

मी बसलो. शेवटची जपानी नावंसुद्धा बघितली, एकही सोडलं नाही. उपयोग नव्हता.

थिएटरबाहेरच्या चहाच्या टपरीवर निवाडा भरला. मी जोरदार बाजू मांडली. नैसर्गिक आपत्तीत कुठलाच करार लागू होत नाही, विमा कंपन्यासुद्धा असंच म्हणतात, आणि मी पिक्चर कंटाळवाणा म्हणून उठलो नव्हतो. मुक्तानं एवढंच विचारलं की आपत्ती कुठं होती? तेवढ्यात माझ्या वर्गातून गेलेला एक उंच पोरगा मित्रांसोबत समोरून गेला आणि अत्यंत नम्रपणे म्हणाला, “सर, बाकाखाली बसायचं असतं ना?”

शौकतभाईंनी बशीतला चहा संपवला. म्हणाले, “सर, मीबी पळालो. झूट कशाला बोलू? पर माझी शर्त नव्हती. तुमची होती. तुम्ही उठलात, हाव का न्हाई?”

“हाव,” मी म्हणालो.

“मंग झालं.”

तरीही मी शेवटचा प्रयत्न केला. एक वर्षाचा तर प्रश्न आहे, असं पुटपुटलो. तेव्हा बायको बोलली. “दोन वर्षं बसली ती पोरगी त्या खुर्चीत. तुम्हाला दोन तास बसवलं नाही.”

भूगोलात याचं उत्तर नाही. मी मुक्ताकडे बघितलं. ती जिंकली होती, पण हसत नव्हती. तिनं माझा चहा माझ्याकडे सरकवला आणि हळूच विचारलं, “पप्पा, परत आत कशाला आलात? भूकंप होता ना?”

मी म्हणालो की चष्मा राहिला होता. चष्मा माझ्या नाकावर होता. तिनं तो बोटानं नीट बसवला.

मुक्ता पुण्याला गेली. लातुरात मला अजून लोक विचारतात की पोरगी नीट? मी सांगतो, नीट आहे. ते मार्क विचारतात, मी विषय बदलतो.

परवा तिनं वर्गात केलेलं पहिलं काम पाठवलं. म्हणे, सुरुवातीला पळणारा माणूस काढायला देतात. थोडीशीच चित्रं काढायची आणि ती गोल गोल फिरवायची, की माणूस पळतच राहतो. मी उघडून बघितलं. एक ढेरपोट्या गृहस्थ, एका पायात चप्पल, डोळे बशीएवढे, हात पुढे करून जिवाच्या आकांतानं पळत होता. थांबतच नव्हता. बायकोनं बघितलं आणि ते नांदेडला सगळ्या माहेराला पाठवून दिलं.

मी मुक्ताला फोन लावला. जरा कडक आवाजात विचारलं की तुझे सर याला काय म्हणाले?

“पळणं जमलंय म्हणाले. फक्त एवढ्या पोटाचा माणूस एवढ्या जोरात पळूच शकत नाही, वेग कमी कर म्हणाले.”

“मग? केलास?”

“नाही पप्पा. म्हटलं, सर, मी डोळ्यांनी बघितलंय.”