ग्रहाच्या पुढून

न्डोला शहराच्या बाजारात वेण्या घालणाऱ्या मुसोंडाने कबासोला माफ केलं नव्हतं. घरी वीज टिकत नाही म्हणून सगळे जनरेटरवाल्या दुकानातल्या एकाच कॉम्प्युटरवर अंतराळयानाचा खेळ खेळत. तिथे एकाने आखून ठेवलेली मोहीम दुसऱ्याला सहज उघडता येई. गेल्या स्पर्धेत कबासोने मुसोंडाचीच मोहीम उडवून बक्षीस लाटलं होतं. वर हसून म्हणाला होता, "बाई, तुम्ही आपल्या वेण्या घाला. ग्रह-तारे आमच्यावर सोडा!"

तेव्हापासून ती आतून नुसती धुमसत होती.

या वेळची अट होती, थोडक्या इंधनात, वाटेतल्या ग्रहाच्या ओढीचा फायदा घेऊन शेवटचा ग्रह गाठायचा. मुसोंडाने एक मोहीम आखून मुद्दाम तिथे ठेवून दिली. मेल्याने डल्ला मारलाच! सगळ्यांसमोर त्याने ऐटीत यान सोडलं. यान ग्रहाच्या पुढून गेलं, वेग वाढायच्या ऐवजी घटला आणि ते सरळ सूर्यात जाऊन पडलं. अख्खं दुकान खो-खो हसत सुटलं.

"मागून गेलं की ग्रह वेग देतो, दादा. पुढून गेलं की आपलाच खातो," मुसोंडा म्हणाली. "स्वतः आखलं असतं तर कळलं असतं."

"बरं बरं, झालं ते झालं. बाहेर कुठे बोलू नका हं," कबासो पुटपुटला.

"छे हो, मी कशाला बोलू? मी आपल्या वेण्या घालते." मुसोंडा उठली. "उद्या तुमच्या बायकोच्या आहेत. दिवसभर बसणार आहे ती माझ्यापुढे."