अंतराळातून आलेल्या सहा कुप्या

इथले गूढ अनुभव मी चहाबरोबर वाचते आणि मनसोक्त हसते. मायक्रोबायोलॉजी शिकवणारी बाई मी; जे सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही ते मानायचं नाही, हा खाक्या. तरीही आज लिहितेय... कारण हे माझ्या डोळ्यांदेखत घडलं.

मागच्या वर्षीचा मे महिना, सोलापूर, दुपारचे दोन. आमच्या कॉलेजची लॅब एका आंतरराष्ट्रीय प्रकल्पात होती. अंतराळयानातल्या पाण्याच्या नळ्यांत जिवाणूंचा चिकट थर धरतो – बायोफिल्म – त्याचा अभ्यास. जर्मनीतल्या आमच्या सहकारी इंग्रिडने त्या थराच्या बारा सीलबंद, गोठवलेल्या धातूच्या कुप्या पाठवल्या होत्या. सहा अंतराळात जाऊन आलेल्या, सहा तुलनेसाठी जमिनीवरच ठेवलेल्या. जमिनीवरच्या पुन्हा करता येतात. वर जाऊन आलेल्या गेल्या की गेल्या, आणि त्यांच्याबरोबर माझी चार वर्षं.

नेमका त्याच दुपारी फ्रीझर बंद पडला. घाईघाईत मी बाराही कुप्या टॉवेलात गुंडाळल्या – सोलापूरकराला दुसरं काय सुचणार! ड्राय आइसची पेटी आणून टॉवेल सोडते तर लेबलं ओली होऊन टॉवेलालाच चिकटलेली. कुप्या सगळ्या सारख्या. खरा नंबर झाकणाच्या आत, आणि झाकण थेट तपासणीच्या वेळीच उघडायचं. पेटीत कप्पे सहाच. मी खुर्चीत बसून चक्क रडले.

तेवढ्यात आप्पा, माझे वडील, माझं जेवण घेऊन आले. चाळीस वर्षं त्यांनी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत सुताला खळ लावली. खळ बिघडली की नाही ते बोटांनी ओळखायचे. पण ती उघडी खळ. इथे सगळं बंद. माझी कर्मकहाणी त्यांनी शांतपणे ऐकली. मग एकेक कुपी रुमालात धरून वरून अंगठा फिरवला.

"हे जाऊन आलंय. हे हितंच हुतं. हे बी हितलंच."

मी वैतागून विचारलं, कशावरून?

"थकलंय की ते. लांबनं आलेलं कळतंय."

खरं सांगते, मला राग आला. पण बुडत्याला काडीचा आधार... त्यांनी काढून दिलेल्या सहा कुप्या मी पेटीत ठेवल्या. बाकीच्या सहांतले नमुने वितळून गेले.

आठवड्याने व्हिडिओ कॉलवर एकेक झाकण उघडलं. मी नंबर वाचायचा, इंग्रिडने यादीत बघायचा. पहिली अंतराळातली. दुसरीही. पाचवीचा नंबर मी दोनदा वाचला. सहावीला तिकडची अख्खी खोली उभी राहून टाळ्या वाजवत होती!

निवड कोणी केली, इंग्रिडने विचारलं. इतकी वर्षं मी 'वडील टेक्स्टाइलमध्ये आहेत' असं गुळमुळीत सांगत आले होते. त्या दिवशी ताठ मानेने सांगितलं – माझ्या वडिलांनी, ते खळ लावणारे कामगार होते. आणि डबा घेऊन आलेल्या आप्पांना हाताला धरून कॅमेऱ्यापुढे बसवलं. इतका अभिमान मला डॉक्टरेट मिळाली तेव्हाही वाटला नव्हता.

बारातून सहा निवडायचे नऊशे चोवीस प्रकार होतात, त्यातला एकच बरोबर. नंतर मी रिकाम्या कुप्या तोलल्या, मोजल्या. काडीचा फरक नाही. स्पष्टीकरण माझ्याकडे आजही नाही.

अहवालात 'नमुने निवडण्याची पद्धत' असा एक रकाना होता. तासभर विचार करून तिथे मी आप्पांचं पूर्ण नाव लिहिलं. इंग्रिडने एक अक्षरही न बदलता खाली सही केली.