हिरव्या खुणेनंतरचा फोन

१२ डिसेंबर. सबस्टेशनच्या मोबाइलमधून नसीमबाईंचं नाव काढून माझं घालायचं काम साहेबांनी त्या दिवशी मला दिलं. दोन मिनिटांत झालं. त्यांना जाऊन तेव्हा महिना झाला होता. सकाळी छातीत कळ आली आणि धाराशिवला नेईपर्यंत सगळं संपलं, हे सांगताना महादेव वायरमन रडत होता. माझ्यासाठी हा रडेल का, हे मला तेव्हाच वाटून गेलं...

तेरजवळच्या त्या सबस्टेशनात नसीमबाई आणि मी, आम्ही दोघी ऑपरेटर. पूर्वी खांबावर चढण्याआधी वायरमन फोन करून लाइन बंद झाल्याची खात्री करायचे. मग ॲप आलं. आम्ही लाइन बंद करून परवानगी दिली की त्यांच्या मोबाइलवर हिरवी खूण उमटायची. ते मी आधी शिकले, सगळ्या वायरमनांना शिकवलंही मीच. तरी खूण दिसली की फोन यायचाच. मी उचलला तर म्हणायचे, मॅडम, जरा बाईंकडं द्या. मग बाई पदर खोचून यार्डात जायच्या, लाइन तोडणाऱ्या खटक्याची तिन्ही पाती उघडी आहेत का बघायच्या आणि मला ऐकू यावं म्हणून स्पीकर लावून सांगायच्या, "उघडी हायती, चढ बाबा." ॲपवरच्या त्यांच्या नोंदी मात्र माझ्याकडून करून घ्यायच्या. "मंदाताई, तुमचं बोट लई चालतं, तेवढं दाबा की."

एकदा मी चिडून म्हणाले, खूण कधी चुकली आहे का? त्यांनी डब्यातला खिमा माझ्यापुढं सरकवला. "न्हाय चुकली. पण मला इचारत्यात, तुमचं काय जातंय?"

माझं जात होतं. खूण एकदाही चुकली नाही, हे मी आजही सांगते. पण वर चढणाऱ्या माणसाला माझा आवाज पुरत नव्हता. बाईंच्या दफनाच्या दिवशी कब्रस्तानाबाहेर सगळे वायरमन उभे होते. काही सुट्टी टाकून आले होते...

नाव बदलल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी महादेवनं परवानगी मागितली. मी लाइन बंद केली, खूण पाठवली. लगेच फोन वाजला.

"खूण दिसत नाही का?" मी विचारलं.

"दिसती की, मॅडम. बघून आलाव का?"

फोन चालूच ठेवून मी यार्डात गेले. तिन्ही पाती उघडी होती. परत येऊन म्हणाले, "उघडी आहेत. चढा."

"बरं, मॅडम," तो म्हणाला. नसीमबाईंना तो मावशी म्हणायचा.